निर्णय घेणारी बाई कादंबरीत कुठे आहे?

नामपूरसारख्या बाजाराच्या गावातल्या वाचनालयात कादंबऱ्यांचं कपाट उघडलं, की मराठी वाचकाचा जीव कुणावर जडला आहे ते पुठ्ठ्यांवरच्या नावांवरूनच कळतं. ‘मृत्युंजय’, ‘राधेय’, ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘राऊ’ आणि नव्यांपैकी शरद तांदळे यांचं ‘रावण : राजा राक्षसांचा’. कोपरे मऊ पडलेले, पुठ्ठा कापडी पट्टीनं पुन्हा चिकटवलेला. ही पुस्तकं शोभेला ठेवलेली नाहीत, घरोघर फिरून आलेली आहेत. कर्ण, ययाति, माधवराव, शिवाजी, संभाजी, बाजीराव, रावण. सगळे पुरुष.

मोठ्या पटाची कादंबरी मराठीला नवी नाही. राज्यं उभी राहतात, कोसळतात, शाप फळतात, शस्त्रांत मंत्र उतरतो, हे सगळं आपण पिढ्यानपिढ्या वाचत आलो. पण त्या पटाच्या मध्यभागी स्वतःच्या बुद्धीनं चुकणारी, जिच्या शब्दावर माणसं मरतात आणि तरी वाचक जिचा हात सोडत नाही अशी बाई शोधायला गेलं, तर कपाटातली दोन-तीन फडताळं रिकामी करावी लागतात. माझं म्हणणं असं आहे, की ही बाई मराठीत होती आणि आहे. ती नाटकात आहे, ललित लेखात आहे, जात्यावरच्या ओवीत आहे, मुखवट्याच्या सोंगात आहे. कादंबरीनं मात्र तिला ओसरीवरच बसवून ठेवलं. ते का झालं, याचा हा आढावा.

आधी कोणती बाई ते स्पष्ट करू. करडी नायिका म्हणजे खलनायिका नाही, आणि परिस्थितीनं गांजून चुकलेली बिचारी बाईही नाही. तिच्या हातात सत्ता असते: राज्याची, विद्येची, मंत्राची, नाहीतर घरातल्या किल्ल्यांची. तिच्यापुढे दोन-तीन वाटा असतात. त्यातली एक ती समजून-उमजून धरते, किंमत दुसरे मोजतात आणि ते तिला आधीच ठाऊक असतं. आर. एफ. क्वांग या चिनी वंशाच्या अमेरिकी लेखिकेच्या ‘द पॉपी वॉर’ (२०१८) या कादंबरीतली रिन घ्या. अफूच्या चोरट्या व्यापारात असलेल्या घरात वाढलेली पोरकी, सावळी मुलगी. लग्न टाळण्यासाठी ती रात्ररात्र जागून परीक्षेचा अभ्यास करते आणि देशातल्या सर्वांत मोठ्या लष्करी विद्यालयात पोचते. इथवर ती आपल्या ओळखीची आहे. आडगावातून स्पर्धा परीक्षेला बसलेली कुठलीही मुलगी तिच्यात स्वतःला पाहील. पुढे युद्ध पेटतं, अग्निदेवता तिच्या अंगात उतरते आणि पुस्तकाच्या शेवटी ती शत्रूच्या अख्ख्या बेटाची राख करते. सैनिकांबरोबर लेकरंबाळंही जळतात. तिनं पास व्हावं म्हणून ज्या वाचकानं श्वास रोखून धरला होता, तोच आता तिच्याबरोबर त्या राखेपुढे उभा असतो. रिनचा प्रवास माओच्या आयुष्यावर बेतल्याचं क्वांगनं सांगितलं आहे. इतिहासातल्या एका पुरुषाचं पाप आणि पराक्रम दोन्ही तिनं एका मुलीच्या खांद्यावर दिले आणि तिला कुठलीही सवलत दिली नाही.

मराठी कादंबरीची सुरुवात अद्भुतापासूनच झाली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. हिंदीत देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ आली १८८८ साली, म्हणजे आपण त्या वाटेवर वीसेक वर्षं पुढे होतो. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’नं दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. पण या पुस्तकांत बाईचं काम ठरलेलं होतं. तिनं पळवलं जायचं, कोंडलं जायचं, मोहांना नकार द्यायचा आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत निष्कलंक राहायचं. कट करायचा तर तो दुसऱ्या बाईनं, आणि त्या दुसरीला मरावं लागायचं. दरम्यान हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहून मराठी कादंबरीला खऱ्या घरातली खरी बाई दिली. तो लाभ इतका मोठा होता, की अद्भुताकडे पाहण्याची गंभीर लेखकांना गरजच वाटेनाशी झाली. अद्भुत मुलांच्या पुस्तकांत गेलं आणि मोठ्यांसाठी उरली ती पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबरी.

या कादंबरीचा स्वभाव वकिलीचा आहे. परंपरेनं कुणावर तरी अन्याय केलेला असतो. लेखक त्याचं वकीलपत्र घेतो आणि पाचशे पानं त्याची बाजू मांडतो. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ (१९६७) कर्णासाठी लिहिली आणि ‘छावा’ संभाजीवरचा डाग पुसण्यासाठी. रावणाच्या कादंबरीचा लोकप्रिय झरा तिथूनच निघतो. वकिली ही वाईट गोष्ट नाही. ‘मृत्युंजय’ वाचून ज्याचा गळा दाटला नाही असा वाचक मी अजून पाहिलेला नाही. पण वकिली निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी असते आणि करडं पात्र निर्दोष ठरलं की संपतं. शिवाय वकिलाला साक्षीदार लागतात, आणि या कादंबऱ्यांत ते काम बायकांकडे आलं. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाच्या जोडीला कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. आई बोलते, बायको बोलते. द्रौपदीला मात्र एकही खंड नाही. ज्या बाईच्या एका प्रश्नानं कुरूंची सभा निरुत्तर झाली, तिचं म्हणणं ऐकायला कर्णाच्या खटल्यात जागा नव्हती.

‘ययाति’ (१९५९) इथे अधिक जवळून पाहावी, कारण खांडेकरांनी एक पाऊल पुढे टाकलं होतं. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघं आपापल्या तोंडानं कथा सांगतात. देवयानीला ‘मी’ म्हणायला मिळालं, हे त्या काळात मोठंच होतं. पण महाभारताच्या आदिपर्वात देवयानी काय करते ते आठवा. बापाच्या आश्रमात शत्रुपक्षातून आलेला कच विद्या चोरायला आला आहे हे कळूनही ती त्याच्यावर जीव जडवते. दैत्य त्याला मारतात आणि तिच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करतात. त्या हट्टापायी दैत्यकुळाची संजीवनी देवांकडे जाते. कचानं नाकारल्यावर ती त्याला शाप देते. आडातून वर काढणाऱ्या राजाला ‘आता तूच माझा पती’ असं सांगते. अपमानाचा बदला म्हणून राजकन्येला दासी करून घेते, आणि शर्मिष्ठेचं प्रकरण उघड झाल्यावर बापाकडे जाते. त्यातून राजाला अकाली वार्धक्य येतं. कथेला वळण देणारा जवळपास प्रत्येक निर्णय देवयानीचा आहे. ययाति मुख्यतः सापडतो: आडाशी, वनात, शापात.

खांडेकरांना त्यातून वासनेची कथा सांगायची होती. भोगानं न शमणारा माणूस त्यांना आपल्या शतकाचा माणूस वाटला. त्यामुळे केंद्रात ययाति आला, त्याच्या एका बाजूला त्यागी शर्मिष्ठा, दुसऱ्या बाजूला अहंकारी देवयानी. संजीवनीचं राजकारण, दोन कुळांतलं युद्ध, विद्येवरचा हक्क हे सगळं मागे सरकलं, आणि त्याबरोबर देवयानीच्या निर्णयांचं वजनही. राहिला तो तिचा तुसडा स्वभाव. पुस्तकाला १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं आणि मराठी मनात देवयानीची प्रतिमा कायमची ठरली. मला ही मराठी कादंबरीनं हातची घालवलेली सर्वांत मोठी संधी वाटते.

नाटकानं ती घालवली नाही, आणि त्यात आमच्या नाशिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणलं. पराशरानं फसवलेली कोळ्याची पोर सत्यवती प्रेमाची मनधरणी सोडून सत्तेकडे वळते. शंतनूशी लग्न करायचं तर माझा मुलगा राजा होईल, या अटीपायी एका तरुण राजपुत्राचं आयुष्य ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेत बांधलं जातं. पुढे तिचे दोन्ही मुलगे निपुत्रिक मरतात आणि त्याच भीष्मापुढे पदर पसरून ‘प्रतिज्ञा मोड’ म्हणायची वेळ तिच्यावर येते. तो मोडत नाही. कुरुकुळाच्या सगळ्या दुःखाचं मूळ शोधत गेलं तर या अटीशी पोचता येतं, आणि तरीही प्रेक्षक तिच्यावर रागावू शकत नाही. तिच्या संतापाचा उगम त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. जितेंद्र अभिषेकींच्या संगीतामुळे हे नाटक गाण्यांसाठी आठवलं जातं, पण त्याचा खरा कणा ही बाई आहे. दोन वर्षांनी नाशिकच्याच कुसुमाग्रजांचं ‘ययाति आणि देवयानी’ आलं. तिथे तिचं नाव निदान शीर्षकात तरी आलं.

नाटकाला हे का जमलं? रंगमंचावर निवेदक नसतो. बाई स्वतः उभी राहून बोलते, तिच्या बोलण्यात कुणी मध्ये येऊन ‘ती अहंकारी होती’ असं सांगत नाही. तिचा निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये फक्त प्रेक्षक असतो.

नाटकानं उभी केलेली दुसरी बाई आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याचा ठपका लोकांनी राघोबादादाच्या बायकोवर ठेवला. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नं (१९०९) तो ठपका मराठी माणसाच्या मनात पक्का रुजवला, त्याच नाटकानं तिला अशी बुद्धी आणि अशी जीभही दिली, की तिच्यासमोर राघोबा फिका पडावा. ही बाई गोदावरीकाठच्या आनंदवल्लीत राहिली. १७८३ साली राघोबा कोपरगावला वारला. नाना फडणिसांच्या पहाऱ्यात तीन मुलांना सांभाळत तिनं उरलेली वर्षं काढली आणि १७९४ साली आनंदवल्लीतच तिचं निधन झालं. तिच्या पदरचा एक मुलगा पुढे शेवटचा पेशवा झाला. खून करवला असेल वा नसेल, त्या दिवसानंतरची तिची वीस वर्षं कुठल्याही मोठ्या कादंबरीला पुरतील. आपण मात्र त्या एका अक्षराशीच अडकून पडलो. 

ललित लेखाकडे वळलं की वातावरणच बदलतं. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ १९६७चं, म्हणजे ‘मृत्युंजय’च्याच वर्षाचं. एकाच वर्षी एकाच महाभारतातून मराठीला दोन पुस्तकं मिळाली, आणि त्यांतल्या दुसऱ्यात गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत. कर्वे कुणाचंही वकीलपत्र घेत नाहीत. त्यांच्या गांधारीची डोळ्यांवरची पट्टी ही पतिभक्ती नाही, फसवून आंधळ्याशी लग्न लावल्याचा राग आहे. आणि त्या रागाची शिक्षा तिच्या मुलांना झाली हे सांगायला त्या कचरत नाहीत. द्रौपदीवर त्यांचं प्रेम उघड आहे. तरीही सभेत तिनं कायद्याचा प्रश्न काढला ती तिची मोठी चूक, असं त्या ठामपणे म्हणतात. आधी हरलेला नवरा बायकोला पणाला लावू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं असतं तरी तिचं नुकसानच होतं. ती करुणा भाकण्याऐवजी वाद घालत राहिली, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून अनेक वाचकांना राग येतो. मला तो मराठीतला एक धाडसी क्षण वाटतो. बाईला चुकण्याचा हक्क देणं म्हणजे तिला अक्कल आहे हे मान्य करणं. दुर्गाबाई भागवतांनी ‘व्यासपर्वा’त वेगळ्या अंगानं हेच काम केलं होतं.

आणि हे सगळं लिहिणारे येण्याच्या कितीतरी आधी जात्यावरच्या बायकांनी कैकेयीची एक गोष्ट रचली होती, जी वाल्मीकीत नाही. रावणाचा वध होऊन सगळे अयोध्येला परतले आहेत. कैकेयी सीतेला विचारते, रावण दिसायला कसा होता गं? सीता म्हणते, मी मान वर करून पाहिलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. मग तोच काढून दाखव, असा कैकेयी आग्रह धरते. सीता अंगठा काढते, आणि ती गेल्यावर त्या अंगठ्यावरून सासू उरलेला रावण पुरा करते. ते चित्र रामाला दाखवलं जातं आणि सीता पुन्हा वनात जाते. भल्या पहाटे दळणाऱ्या बाईला सासू कशी असते हे ठाऊक होतं. सीतेच्या दुःखाचा दोष तिनं परिटावर न टाकता घरातल्या बाईवर आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या रामावर टाकला. तारा भवाळकरांनी ‘सीतायन’मध्ये लोकपरंपरेतल्या या सीतेचा माग काढला आहे. गदिमांच्या ‘गीतरामायणा’तही (१९५५-५६) छप्पन्न गाण्यांपैकी कैकेयीला स्वतःच्या तोंडचं गाणं आहे आणि शूर्पणखेला दोन: एक पंचवटीत रामाला पाहून, दुसरं लंकेत भावाला पेटवताना. पहिल्यात ती प्रेमात पडलेली बाई आहे, दुसऱ्यात अपमान झालेली. दोन गाण्यांत एक पूर्ण कादंबरी दडलेली आहे.

आमच्या बागलाण तालुक्याच्या पश्चिमेला सुरगाणा-पेठ भागात बोहाडा निघतो. संबळ आणि पिपाणीच्या आवाजावर एकेक सोंग येतं, ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराकडे असतो, मुखवट्याची आधी पूजा होते. त्यात त्राटिकेचंही सोंग असतं. ज्या बाईला रामानं बाणानं पाडलं, तिचा मुखवटा देवघरात ठेवावा आणि वर्षातून एकदा हळदकुंकू वाहून बाहेर काढावा, हे लेखी परंपरेत बसणार नाही. डोंगरातल्या गावांत ते सहज बसतं. नदीकाठच्या शेंदूर फासलेल्या साती आसरांचंही तसंच. त्या पोरं ओढून नेतात म्हणून त्यांचा धाक, आणि त्यांच्याकडेच ओटी भरून पोर मागायचं. चांगली की वाईट, असा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

इतिहासात हात घालायचा तर ताराबाई आहेच. राजारामांच्या मृत्यूनंतर १७०० साली पंचविशीतल्या या विधवेनं औरंगजेबाशी सात वर्षं लढा चालवला. इथपर्यंत ती सगळ्यांना हवी आहे. पुतळे, पोवाडे, शाळेचे धडे इथेच थांबतात. पुढे शाहू सुटून आला आणि तिनं त्याच्याशी युद्ध मांडलं. सवतीच्या मुलाच्या पक्षानं तिला कैद केलं. १७४९ साली शाहू वारल्यावर ‘हा माझा नातू’ म्हणून तिनं रामराजाला पुढे केलं आणि तो ऐकेना तेव्हा पुढच्याच वर्षी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबून तो आपला नातू नाहीच असं जाहीर केलं. पानिपताची बातमी ऐकून ती १७६१च्या डिसेंबरात गेली. साठ वर्षांची ही कथा आहे, आणि तिच्यातलं पहिलं सप्तक सोडलं तर बाकी सगळं आपण झाकून ठेवतो. रिचर्ड ईटन या अमेरिकी इतिहासकारानं दख्खनचा सामाजिक इतिहास काही निवडक माणसांच्या आयुष्यांतून सांगितला, तेव्हा त्यात ताराबाईला एक अख्खं प्रकरण दिलं. मराठी कादंबरीकाराला तिच्या उत्तरायुष्याची भीती वाटते, कारण तिथे वकिली चालत नाही.

इथेच अद्भुत कादंबरीचा उपयोग सुरू होतो. पौराणिक आणि ऐतिहासिक पात्राचा निकाल वाचकाच्या मनात आधीच लागलेला असतो. त्याच्या विरोधात लिहायचं तर वकिली करावी लागते, बाजूनं लिहायचं तर आरती. शिवाय भावना दुखावल्याचा दगड कुठून येईल सांगता येत नाही. नव्या जगातल्या, नव्या नावाच्या राणीला मात्र कुणी ओळखत नाही. तिला चुकू देता येतं. एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये (२०१५) नायिका गुलामीत सापडू नये म्हणून स्वतःच्या लेकराचा जीव घेते. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास त्या प्रसंगाच्या पाठीशी उभा आहे, पण भूकंप थांबवणाऱ्या माणसांच्या कल्पित जगात तो आल्यामुळे वाचक जुन्या मतांची ढाल पुढे करू शकत नाही. त्या मालिकेतल्या तिन्ही पुस्तकांना ओळीनं ह्यूगो पुरस्कार मिळाला. भारतीय मातीतून ताशा सूरीनं ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१) उभी केली: एक राजकन्या, एक मोलकरीण, दोघींच्या हातांना रक्त. तेलुगूत व्होल्गांनी ‘विमुक्त’ लिहिलं, ज्यात टाकलेली सीता शूर्पणखेला भेटते आणि शूर्पणखा तिला आपली बाग दाखवते. त्या पुस्तकाला २०१५ साली साहित्य अकादमी मिळाली. मराठीत टोल्किन आला, हॅरी पॉटर आला. जी. ए. कुलकर्ण्यांनी ‘रमलखुणा’त (१९७५) नकाशावर नसलेली नगरं आणि वाळवंटं मराठीत किती सहज उभी राहतात ते दाखवून दिलं होतं, पण तिथला प्रवासी पुरुषच आहे. त्यामुळे नामपूर-सटाण्याच्या ज्या मुलींना अशी नायिका हवी आहे, त्या ती मोबाइलवर इंग्रजीतून वाचतात. त्यांना रिन ठाऊक आहे, सत्यवती ठाऊक नाही. दोष त्यांचा नाही.

आता बागलाण. मोसम नदी मुल्हेरच्या बाजूनं येते, ताहाराबाद, जायखेडा करत नामपूरवरून मालेगावकडे जाते. हे खोरं महाकाव्याला परकं नाही. मुल्हेरच्या बागुल राजांच्या पदरी रुद्र नावाचा कवी होता. त्यानं १५९६ साली ‘राष्ट्रौढवंश’ हे वीस सर्गांचं संस्कृत महाकाव्य रचलं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनं ते १९१७ साली छापलं. त्याचा आरंभ कैलासावर होतो. शिवपार्वती फासे खेळत असतात, फासा शिवाच्या माथ्यावरच्या चंद्राला लागतो आणि त्या चंद्रातून एक मुलगा बाहेर पडतो. तो वंशाचा मूळपुरुष. पाश्चात्त्य अद्भुत कादंबरीकारांना हेवा वाटावा असा हा आरंभ आपल्या तालुक्यात लिहिला गेला. पण वंशकाव्य म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी ओळ. फासा टाकणारी पार्वती पहिल्या पानावर खेळते आणि पुढे राज्य चालवतात ते पुरुष.

त्या राज्याचा शेवट मात्र एका बाईनं केला, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. १६३८ साली औरंगजेबाच्या, तेव्हाच्या शाहजाद्याच्या, फौजेनं मुल्हेर वेढलं. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ‘बादशाहनाम्या’त बागलाणाचं वर्णन करतो: ९ गड, ३४ परगणे, १००१ गावं. वेढा आवळत गेला तेव्हा राजा बहर्जीनं आपल्या आईला वकिलाबरोबर खाली पाठवलं. तिच्याजवळ मुल्हेरच्या आणि आणखी ७ किल्ल्यांच्या किल्ल्या होत्या. अट एकच होती: सुलतानपूरचा परगणा मिळावा, मग राजा मोगलांच्या चाकरीत येईल. अट मान्य झाली. शतकानुशतकं टिकलेलं राज्य त्या दिवशी संपलं आणि गडावरची माणसं वाचली. चौतीस वर्षांनी त्याच डोंगररांगेत, साल्हेरच्या पायथ्याशी, मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं. तो साल्हेर आता युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्या विजयाचा आम्हाला योग्य अभिमान आहे. किल्ल्या घेऊन उतरलेल्या राजमातेचं नाव मात्र लाहोरीच्या त्या हकिकतीत नाही; तिथे ती फक्त राजाची आई आहे.

नाव नसणं ही इतिहासकाराची अडचण, कादंबरीकाराची मोकळीक. तिला नाव द्या, गडालाही दुसरं नाव द्या, चंद्रातून उतरलेला वंश ठेवा, आसरांना नदीत राहू द्या, दरबाराची भाषा संस्कृताळलेली आणि तटावरच्या पहारेकऱ्याची अहिराणी. तिनं राज्य विकलं की माणसं वाचवली, याचं उत्तर लेखकानं ठरवून बसू नये. मुलगा आईला का पाठवतो? त्याला लाज वाटली म्हणून, की वाटाघाट तिलाच जमेल हे त्याला ठाऊक होतं म्हणून, की हा बेतच मुळात तिचा होता म्हणून? अंबरखान्यात किती दिवसांचं धान्य शिल्लक आहे हे आधी कुणाला कळलं? सुलतानपूरची अट कुणाच्या डोक्यातून निघाली? आणि लाहोरीचाच हिशेब धरला तर बागलाणात नऊ गड होते. तिनं आठांच्या किल्ल्या दिल्या. लिहिणाऱ्यानं नवव्यापासून सुरुवात करावी.